पहिल्या रकान्यातली खूण

माझ्या धाकट्या बहिणीचं विद्यापीठ मी निवडलं. अभ्यास तिने केला, परीक्षा तिने दिल्या, पास ती झाली. निवड माझी होती. हे आधीच लिहून ठेवते, कारण आमच्या घरात हल्ली हा विषय निघाला की सगळे 'नशीब' म्हणतात आणि पुढचं वाक्य गिळतात.

मी कसालच्या बाजूच्या एका हायस्कुलात वरिष्ठ लिपिक आहे. दाखले, सेवापुस्तकं, परीक्षेचे अर्ज, सगळं माझ्या टेबलावरून जातं. घरीही तेच. कपाटाच्या दाराला आतून चार याद्या चिकटवलेल्या असतात: आठवड्याचं सामान, औषधं, दुरुस्त्या आणि कोणाला काय कळवायचं ते. यादीत लिहिलेलं काम माझ्याकडून राहत नाही. लोकही ते ओळखून आहेत. लग्नकार्यात सामानाची वही माझ्याकडेच येते.

बहीण वैभववाडीच्या बाजूला दिली. घाटाच्या पायथ्याशी गाव, तिथून रोज तालुक्याच्या एका सरकारी ऑफिसात जाते. कॉम्प्युटरवर नोंदी करायचं काम, कंत्राटी. अकरा महिने झाले की करार संपतो, मध्ये एक दिवस ती कोणीच नसते, मग पुन्हा फॉर्म भरायचा आणि पुन्हा सही. बारावीनंतर लग्न झालं म्हणून शिक्षण तिथेच थांबलं. डोकं माझ्यापेक्षा बरं. ऑफिसातल्या कायम माणसांची निम्मी कामं तीच करते, हे ती माणसंही मान्य करतात.

मग तिच्या ऑफिसात बातमी आली. पुढे कायम जागा निघतील, जुन्या कंत्राटी लोकांना वयाची सवलत मिळेल, पण ती एकदाच. आणि पदवी लागेल.

तिने त्याच दिवशी मला फोन केला. "ताय, माका पदवी करूची आसा. तीन वर्सा लागतली. घरात बसान जाता ती खंयची बरी, ता तू सांग."

मी म्हटलं, "माझी यादी तयार आहे."

खरोखरच तयार होती. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या मुलीसाठी मी ती केली होती. मुलीला नोकरी सांभाळून ऑनलाइन पदवी घ्यायची होती, आणि जाहिराती इतक्या, की कोण खरं ते समजेना. सहा विद्यापीठं घेतली आणि मोठ्या कागदावर रकाने आखले. पहिला रकाना मान्यतेचा. सरकारी यादी उघडून, विद्यापीठाचं नाव आणि अभ्यासक्रमाचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी तिथे बरोबरची खूण केली नाही. मान्यतेचं पत्र छापून फाईलला लावलं.

बाकीच्या रकान्यांसाठी मला कोणाला विचारावं लागलं नाही. इतकी वर्षं शाळेत बसल्यावर शिकवतात कुठे आणि नुसती हजेरी लावतात कुठे, हे ओळखता येतं. फोन उचलतात का, हा एक रकाना. मी प्रत्येकाला तीन वेळा फोन केला: सकाळी ऑफिस उघडताना, जेवणाच्या सुट्टीनंतर आणि शनिवारी. एका ठिकाणी तिन्ही वेळा प्रवेशाचीच माहिती द्यायला लागले, परीक्षेचं विचारलं की फोन कट. तासाचं चित्रीकरण उतरवून घेता येतं का, हा दुसरा रकाना. आमच्याकडे दुपारी लाईट जाते आणि रेंज लाईटच्या मागोमाग जाते. परीक्षा कुठे, हा तिसरा. आणि सगळ्यात मोठा रकाना लाल शाईचा.

म्हणजे असं. शाळेची तपासणी असली की मी मुलांच्या वह्या बघते. ज्या वहीत नुसती सही आणि तारीख, त्या वर्गात शिकवणं झालेलं नसतं. जिथे ओळीच्या मध्ये काहीतरी लिहिलेलं असतं, तिथे झालेलं असतं. म्हणून मी त्या सहा ठिकाणच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठलं आणि त्यांचे तपासून आलेले स्वाध्याय मागवले. दोन ठिकाणी सगळ्यांना दहापैकी सात. एका ठिकाणी प्रत्येक पानाखाली 'चांगले', तेही छापील. एकाच विद्यापीठाचे कागद असे होते की समासात कोणीतरी माणसाने लिहिलं होतं: 'हे पटलं नाही, कारण द्या.' तेच मी पहिल्या नंबरला ठेवलं.

त्या शिक्षिकेने कागदाचा फोटो काढून तिच्या नातेवाइकांना पाठवला. तिथून तो कुठे कुठे गेला. 'कसालच्या बाईंची यादी' म्हणून मलाच तो दोनदा परत आला, एकदा कुडाळातून, एकदा मुंबईतून. मी खोटं बोलत नाही, मला बरं वाटलं होतं.

तर बहिणीचा फोन आला तेव्हा मी कपाटातून तोच कागद काढला. नवीन कागदावर स्वच्छ उतरवून घेतला. फी बदलली होती ती नवी घातली. फोन पुन्हा करून बघितले. परीक्षेचा रकाना तपासला. पहिल्या रकान्यातली खूण मात्र होती तशीच उतरवली.

कारण सांगते. शाळेत आमचं एक डेडस्टॉक रजिस्टर असतं. बाकं, कपाटं, नकाशे, घंटा, जे संपत नाही ते त्यात. दर मार्चमध्ये नवं पान घ्यायचं, वर 'मागील पानावरून पुढे' लिहायचं आणि आकडे उतरवायचे. बाक काय, वर्षात उठून जात नाही. मान्यता मला बाकासारखी वाटली. एकदा मिळाली, की आहे. ती दर सत्राला नव्याने बघायची असते, हे मला माहीत नव्हतं. पाच मिनिटांचं काम होतं. यादीत ते काम लिहिलेलंच नव्हतं.

प्रवेश झाला. लोकप्रशासन घेऊन बी.ए., शिक्षिकेच्या मुलीने घेतलं होतं तेच.

पुढची तीन वर्षं चांगली गेली, हेच मला जास्त लागतं. तिच्या घरात रेंज नाही. परसातल्या काजीच्या, म्हणजे काजूच्या झाडाच्या, बुंध्याशी उभं राहिलं की येते. तिने तिथे एक प्लास्टिकची खुर्ची कायमची टाकून ठेवली. ऑफिसातून आली की चहाचा कप घेऊन काजीखाली, तास फोनवर उतरवून घ्यायचे आणि स्वयंपाक करताना ऐकायचे. शेजारणी हसायच्या. "काजीक काय शिकवतस गो? बोंडू गोड जातले काय?" ती म्हणायची, "जातले, जातले. तुमका देतलंय."

स्वाध्याय परत यायचे ते शेऱ्यांसकट. लिहिणारं माणूस कोण, कुठलं, आम्हाला कधी कळलं नाही, नावाच्या जागी नुसता क्रमांक असायचा. पण हात एकच. पहिल्या स्वाध्यायावर होतं: 'पुस्तकातलं उदाहरण नको. तुमच्या तालुक्यातलं द्या.' बहिणीने मग आपल्या ऑफिसातलंच लिहिलं: एका दाखल्यासाठी माणूस किती खेपा घालतो, त्यातल्या कुठल्या खेपा खरंच लागतात आणि कुठल्या नुसत्या टेबल बदलल्यामुळे होतात. त्यावर शेरा आला: 'हे कोणी लिहीत नाही. पुढे काय करता येईल ते लिहा.' तो कागद घेऊन ती रविवारी कसालला आली. मला वाचून दाखवला. मग यांना दाखवला. मग पुन्हा मला.

"ताय," ती म्हणाली, "माझा लिवलेला कोणी वाचल्यान."

परीक्षा कॅमेऱ्यासमोर द्यायच्या होत्या, म्हणून त्यासाठी ती माझ्याकडे येऊन राहायची. तांदळाच्या पिपाच्या खोलीत टेबल लावायचं, दार बंद. खोलीत दुसरा माणूस नको, दुसरा आवाज नको, नाहीतर यंत्र ताकीद देतं. मी घरभर सूचना लिहून लावल्या: मिक्सर नाही, टीव्ही नाही, दाराची कडी हळू. यांना वऱ्हांड्यात बसवलं.

"मी श्वास घेव, की तोय बंद करू?" हे म्हणाले.

"घ्या, पण नाकाने."

दुसऱ्या पेपरला नेमकी मासेवाली गाडीवरून आली आणि फाटकातून ओरडली, "गो बाय, बांगडे इले! ताजे फडफडीत!" आतल्या स्क्रीनवर लाल पट्टी आली. हे अनवाणी धावत गेले आणि त्या बाईसमोर हात जोडून उभे राहिले. ती घाबरून म्हणाली, "काय झाला हो? कोण गेला?" हे कुजबुजले, "कोण नाय गेला. परीक्षा आसा." तिने टोपलीवर फडकं टाकलं आणि गाडी ढकलत हायवेपर्यंत नेली, इंजिन न लावता. पुढच्या दर पेपरला ती आधी खूण करून विचारायची, आज आहे का.

बहिणीच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक बाई आहे, तीही कंत्राटीच. तिनेही त्याच वर्षी पदवीला नाव घातलं, पण माझ्या यादीतल्या शेवटच्या नंबरच्या ठिकाणी. तिथले तास म्हणजे एक गृहस्थ पंख्याखाली बसून पुस्तक वाचतात, पंख्याचाच आवाज जास्त. स्वाध्यायावर छापील 'चांगले'. मी बहिणीकडून तिला निरोप पाठवला होता की ते घेऊ नको, त्यात काही नाही. तिचं उत्तर आलं, "तुका शिकूचा आसा, माका कागद व्हयो." आम्ही दोघी त्यावर हसलो होतो.

निकाल लागला. बहीण पहिल्या वर्गात आली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत जागा निघाल्या. लेखी परीक्षेतही तिचं नाव वर होतं. राहिली कागदपत्रांची पडताळणी, जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला.

मी रजा टाकून तिच्याबरोबर गेले. फाईल मी लावली होती. अकरा कप्पे, प्रत्येकाला चिठ्ठी, वर अनुक्रमणिका, मूळ प्रती निळ्या फोल्डरमध्ये, झेरॉक्स पांढऱ्या. कप्पा चारमध्ये पदवी आणि तिच्यामागे मान्यतेचं पत्र. रांगेतल्या दोघांनी माझ्याकडून टाचण्या मागून घेतल्या.

टेबलामागे पन्नाशीचे गृहस्थ होते. शांत, व्यवस्थित. शाळेत असते तर मला आवडले असते. त्यांनी कप्पा एक, दोन, तीन बघितले. कप्पा चारला थांबले. कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"प्रवेश कोणत्या सत्रातला?"

बहिणीने सांगितलं.

"विद्यापीठाला मान्यता आहे, मॅडम. पण या अभ्यासक्रमाला या सत्रासाठी दिसत नाही."

मी पुढे झाले. "कप्पा चारमध्ये पत्र आहे, सर."

"बघितलं. ते आदल्या सत्राचं आहे." त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. "हे आदलं सत्र, इथे नाव आहे. हे नंतरचं, इथेही आहे. मधल्यात नाही. त्या वर्षी त्यांच्या बाकी विषयांना मिळाली, या एका विषयाला मिळालेली नाही."

"पण विद्यापीठाने प्रवेश दिला ना?"

"दिला. द्यायला नको होता."

मी बोट ठेवून ओळी वाचल्या. वरून खाली, खालून वर. शिक्षिकेच्या मुलीचं सत्र होतं. माझ्या बहिणीचं नव्हतं.

ते गृहस्थ इतका वेळ ऑफिसची मराठी बोलत होते. आता त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बहिणीला विचारलं, "बाय, तुमी खंयच्या?"

तेव्हाच मला कळलं. आमच्याकडच्या ऑफिसात समोरचा माणूस प्रमाण मराठी बोलतो तोवर काहीतरी होण्यासारखं असतं. तो मालवणीवर आला, की काम संपलं, आता तो फक्त माणूस म्हणून बोलतोय.

"वैभववाडीच्या," ती म्हणाली.

"लांबसून इलात. माझ्या हातात काय नाय हो. मी होय म्हणान लिवलंय, तरी वर जावन अडाकतला, आणि मगे तुमका अजून त्रास." फाईल मिटून त्यांनी दोन्ही हातांनी परत दिली. "फाईल मात्र काय लावलास! सकाळपासून अशी फाईल बघूक नाय."

बाहेर आवारात एक सिमेंटचा बाक होता. आम्ही बसलो. मी लगेच वही काढली आणि लिहायला लागले: विद्यापीठाला पत्र, वरच्या ऑफिसला अर्ज, वकिलाला विचारणे. चौथं सुचेना. बहीण माझ्या हाताकडे बघत होती.

"तुझ्या यादीत च्या आसा काय?" तिने विचारलं.

"नाही."

"मगे लिव. पयलो च्या घेवया."

तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. स्टँडवर चहा घेतला, माझ्या पर्सला लागलेली टाचणी काढून दिली आणि वैभववाडीकडे जाणाऱ्या एसटीत चढली. फाईल माझ्याकडेच राहिली.

यादीतली तिन्ही कामं मी केली. विद्यापीठाचा फोन दुसऱ्या घंटेला उचलला गेला. फोनच्या रकान्यात मी त्यांना पूर्ण गुण दिलेच होते. पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं, क्रमांक दिला, तक्रार नोंदवली आहे म्हणाली. आठवड्याने केला तर तोच क्रमांक वाचून दाखवला. वेबसाईटवर, म्हणे, त्या वर्षी खाली बारीक अक्षरात 'मान्यता प्रक्रियेत' असं होतं. वरच्या ऑफिसने अर्ज घेतला आणि पोच दिली. वकिलांनी खूप वेळ ऐकलं आणि सांगितलं की लढता येईल, पण जागा तोवर थांबणार नाहीत. थांबल्याही नाहीत.

शेजारच्या टेबलावरच्या बाईला नेमणुकीचा आदेश मिळाला. तिच्या सत्राला, तिच्या विषयाला मान्यता होती. तिने ऑफिसात पेढे वाटले. बहीण फोनवर म्हणाली, "बरी आसा ती. माझ्यासाठी दोन पेढे जास्त ठेवल्यान." मग म्हणाली, "आता तिका नवीन काम जमना नाय. मीच शिकवतंय."

ज्यांना ज्यांना यादी दिली होती त्यांना मी कळवलं, की पहिला रकाना धरू नका, तुमचं सत्र तुम्ही बघा. काहींनी अंगठा पाठवला. पण तो फोटो कुठवर गेलाय ते मला कुठे माहीत? मध्यंतरी कुणकेश्वरहून एका अनोळखी बाईचा फोन आला. मुलीसाठी विचारत होती.

"तुमच्या यादीत पयला नाव आसा, ताच घेतंय. बरा मा?"

मी तिला सत्राचं समजावून सांगितलं. कुठे बघायचं, कोणती फाईल उघडायची, किती पानं, कुठल्या पानावर आपला विषय.

"ता सगळा इंग्रजीत आसा काय?"

"हो."

"मगे माका काय कळतला? तुमीच सांगा हो, बरा की वायट?"

मी म्हटलं, मी सांगू शकत नाही. ती म्हणाली, "बाकीच्यांका सांगलास, माका नाय सांगणास." फोन ठेवला. तिने पहिलंच नाव घेतलं असणार. त्या सत्राला मान्यता आहे की नाही ते मी नंतर बघितलं. त्या सत्राची सरकारी यादी अजून लागलेलीच नव्हती, आणि प्रवेश मात्र सुरू होते.

मार्चमध्ये डेडस्टॉकचं नवं पान घेतलं. या वेळी मी शिपायाला घेऊन वर्गावर्गात गेले आणि बाकं मोजली. नऊ कमी भरली. कधीपासून कमी आहेत ते कोणालाच सांगता येईना.

परवा बहिणीचा करार संपला. मधल्या एका दिवशी ती कसालला आली, नवा फॉर्म घेऊन. दरवर्षी तो मीच भरते, माझं अक्षर बरं म्हणून. नाव, पत्ता, जन्मतारीख, अनुभव. शैक्षणिक पात्रतेच्या ओळीवर माझं पेन थांबलं. ती समोर कोकम सरबत पीत होती.

मी विचारलं, "इथे काय लिहू?"

"बारावी."

"बी.ए. लिहूया ना. तू केलंयस."

"लिवलंस तर मान्यतेचो कागद मागतले. मगे परत सगळा सांगूक व्हया." तिने ग्लास खाली ठेवला, पिशवीतून गेल्या वर्षीच्या फॉर्मची झेरॉक्स काढली आणि माझ्यासमोर सरकवली. "ह्याच्यार बघ आणि तसाच उतर."

मी उतरवलं.